टेस्ट बेंच लिनक्सवर नेताना: सातपूरच्या कॅलिब्रेशन लॅबमधल्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबरला संपला. बेंचवरच्या संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून विंडोज ११ चा मार्ग बंद. बाकी संगणक धडधाकट आहे, तो भंगारात काढणं कुणालाच पटत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मालकांनी त्यावर उबंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकून ठेवलं आणि आज सकाळी म्हणाले, "आता उपकरणं बोलती करा. द्राक्षांच्या हंगामाआधी बेंच उभं राहिलं पाहिजे."

हंगामाची घाई खरीच आहे. निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडचे प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेजवाले काढणी सुरू व्हायच्या आधी तापमानाचे सेन्सर तपासायला पाठवतात. बहुतेक पीटी१००, म्हणजे तापमानानुसार ज्यांचा विद्युत रोध बदलतो असे प्लॅटिनमचे सेन्सर. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास ठेवायची असतात. तिथे सेन्सर एका अंशाने चुकला, की एकीकडे मणी गोठायची भीती आणि दुसरीकडे माल टिकत नाही. वर्षभर राबून आणलेला माल एका चुकीच्या आकड्यापायी जाऊ नये, एवढ्यासाठी हे बेंच आहे.

बेंचवर चार उपकरणं आहेत आणि चौघांची वाट वेगळी. साडेसहा अंकी मल्टीमीटर ३४४०१ए, हा जीपीआयबी या उपकरणं जोडायच्या जुन्या बसवर, यूएसबी अडॅप्टर ८२३५७बी मधून. डिजिटल ऑसिलोस्कोप सरळ यूएसबीवर. तापमान देणारा ड्राय ब्लॉक आरएस-२३२ या जुन्या सिरियल पोर्टवर, मध्ये सीएच३४० चिपची यूएसबी-सिरियल केबल. आणि डीसी पॉवर सप्लाय, नेटवर्कच्या केबलवर.

काम सुरू करायच्या आधी वहीत एक क्रम लिहून घेतला. "ड्रायव्हर बसत नाही" या एका तक्रारीत पाच निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. वस्तू संगणकाला दिसते का? कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, मॉड्यूल (ड्रायव्हरचा तुकडा) तिला धरतं का? आपल्या लॉगिनला ती उघडायची परवानगी आहे का? प्रोग्रॅम वापरतो ती लायब्ररी (तयार कोड) तिथवर पोचते का? आणि शेवटी, उपकरण उत्तर देतं का? याच क्रमाने जायचं. खालचा प्रश्न सुटल्याशिवाय वरच्या पायरीवर काहीही इन्स्टॉल करायचं नाही. नेटवर सापडलेल्या आज्ञा एकामागून एक चिकटवत गेलं की तिसऱ्या दिवशी संगणकात तीन प्रकारचे अर्धवट ड्रायव्हर असतात आणि कोणता कोणाला अडवतोय ते कळत नाही. बाहेरून येणाऱ्या संगणकांवर हे इतक्यांदा पाहिलं आहे, की या बाबतीत मी हट्टी आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सप्लायपासून सुरुवात, कारण त्याला ड्रायव्हर लागतच नाही. त्याला ठरावीक आयपी पत्ता दिला, ५०२५ नंबरच्या पोर्टवर जोडणी उघडली, "स्टार आयडीएन प्रश्नचिन्ह" ही नाव विचारणारी आज्ञा पाठवली, नाव-मॉडेल परत आलं. संपलं. पुढे नवं उपकरण घेताना लॅनचं सॉकेट असलेलंच घ्यावं, असं स्टोअरच्या काकांना सांगून ठेवलं. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. कर्नल बदलो, ऑपरेटिंग सिस्टिम बदलो, नेटवर्कवरची ही साधी अक्षरं तशीच चालत राहतात.

दुपारी स्कोप. केबल लावली, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) यूएसबीटीएमसीची, म्हणजे यूएसबीवरच्या मोजमाप उपकरणांच्या मॉड्यूलची, ओळ आली, स्लॅश-डेव्ह या उपकरणांच्या फोल्डरमध्ये यूएसबीटीएमसी-शून्य नावाची फाइल तयार. हे मॉड्यूल २००८ पासून, म्हणजे २.६.२८ पासून कर्नलच्या आतच आहे. कंपनीच्या सीडीची गरज नाही. तरीही पायथनमधला पाय-विसा (उपकरणांशी बोलणारी लायब्ररी) स्कोप दाखवेना. त्याने फक्त एवढंच कळवलं, की एक उपकरण सापडलं आहे, पण त्याचा सिरियल नंबर वाचता येत नाही.

हा संदेश तिसऱ्या पायरीचा, परवानगीचा. इथे बारकावा आहे आणि तो बऱ्याच जणांना छळतो. एकाच स्कोपच्या दोन फाइल असतात. एक यूएसबीटीएमसी मॉड्यूलने बनवलेली, दुसरी यूएसबी बसची मूळ फाइल. पाय-विसा-पाय हा बॅकएंड (पाय-विसाच्या मागे प्रत्यक्ष काम करणारा भाग) लिबयूएसबी या यूएसबीच्या लायब्ररीमार्फत दुसरीकडे जातो, पहिलीला विचारतही नाही. म्हणून पहिलीवर परवानगी देऊन बसलं तर काही फरक पडत नाही. यूडेव्हचा (उपकरण लावल्यावर त्याची फाइल आणि परवानगी ठरवणाऱ्या व्यवस्थेचा) नियम यूएसबीच्या मूळ फाइलसाठी लिहावा लागतो. उपकरणाचा व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी, गट आणि ०६६०, म्हणजे मालक व गटालाच वाचण्या-लिहिण्याची परवानगी. नियम लिहिला, यूडेव्हला नियम पुन्हा वाचायला लावले, केबल काढून लावली. स्कोप यादीत आला.

"सुडो लावलं की चालतंय, मग तसंच चालवू या ना," असं अप्रेंटिस मुलगी म्हणाली. तिला समजावलं, की मोजमापाचा प्रोग्रॅम सुडोने, म्हणजे रूटच्या (सर्वाधिकारी लॉगिनच्या) हक्कांनी, चालवायचा नाही. त्याने बनवलेल्या रीडिंगच्या फाइलही रूटच्या होतात, मग रीडिंग घेणाऱ्या ताईंना त्या उघडून सहीसाठी पाठवता येत नाहीत. आणि एका चुकीच्या ओळीने अख्खी डिस्क पुसली जाऊ शकते. सुडोने चालणं म्हणजे फक्त निदान. अडचण परवानगीची आहे, एवढंच ते सांगतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल त्रिपुरी पौर्णिमेची सुट्टी. आज ड्राय ब्लॉक.

केबल लावली की डीमेसेजमध्ये टीटीवाय-यूएसबी-शून्य हे सिरियल पोर्टचं नाव उगवायचं आणि लगेच मावळायचं. एलएसयूएसबीमध्ये (यूएसबी वस्तूंच्या यादीत) १ए८६:७५२३ हा केबलच्या चिपचा आयडी व्यवस्थित दिसत होता. केबल वाईट असेल म्हणून स्टोअरमधून दुसरी आणायला काका निघाले होते. त्यांना थांबवलं, कारण उत्तर डीमेसेजमध्येच लिहिलेलं होतं. सीएच३४१ मॉड्यूलने (सीएच३४० चिपही तेच सांभाळतं) धरलेला इंटरफेस बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम मागत होता. तो आला, की मॉड्यूल सुटत होतं.

बीआरएलटीटीवाय हा ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्रॅम. काही ब्रेल डिस्प्लेंमध्ये हीच चिप, हाच आयडी असतो. म्हणून त्याच्या यूडेव्ह नियमात १ए८६:७५२३ लिहिलेलं आहे. स्वस्त यूएसबी-सिरियल केबल आणि ब्रेल डिस्प्ले यांत फरक करायला त्याच्याकडे दुसरी खूणच नाही.

सगळीकडे यावर एकच सल्ला मिळतो, की तो प्रोग्रॅम काढून टाका. मला ते पटत नाही. पाहू न शकणाऱ्या माणसाला लिनक्सचा संगणक सुरू केल्या क्षणापासून वापरता यावा म्हणून ती सोय आधीपासून बसवलेली असते. उद्या आमच्याकडे असा कुणी अप्रेंटिस आला, तर त्याच्या वाटेतून ती आपण का काढावी? म्हणून त्या नियमांच्या फाइलची प्रत त्याच नावाने ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरखालच्या यूडेव्ह फोल्डरमध्ये ठेवली आणि प्रतीतली या एका आयडीची ओळ बंद केली. नाव तेच असेल तर यूडेव्ह ईटीसीमधली प्रत मानतो आणि यूएसआरमधली पॅकेजची मूळ फाइल सोडून देतो. पॅकेज अपडेट झालं तरी आपली प्रत तशीच राहते.

त्यानंतर पोर्ट टिकला. लॉगिन सिरियल पोर्ट वापरू देणाऱ्या डायलआउट गटात घातलं, बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं (गट बदलल्यावर हे लागतंच, नुसती नवी टर्मिनल खिडकी उघडून होत नाही). ब्लॉकच्या मॅन्युअलप्रमाणे बॉड रेट (सिरियलचा वेग) लावला आणि तापमान वाचता आलं.

एक काळजी राहिली होती. सीएच३४० च्या केबलींना बहुधा सिरियल नंबर नसतो, त्यामुळे अशा दोन केबली लावल्या तर कोणता शून्य आणि कोणता एक याचा भरवसा नाही. प्रोग्रॅममध्ये "बाय-पाथ" खालचं नाव वापरलं. ते यूएसबीच्या भोकावर ठरतं. संगणकाच्या मागे त्या भोकावर पिवळी पट्टी चिकटवून "ड्राय ब्लॉक" लिहिलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आता मल्टीमीटर. खरं काम इथेच आहे.

आधी विचार असा केला, की ३४४०१ए ला मागे आरएस-२३२ सुद्धा आहे, मग जीपीआयबीचा खटाटोप कशाला? मॅन्युअल पाहिलं. हा मीटर सिरियलवर डीटीआर-डीएसआर तारांनी "थांब, चल" सांगतो. लिनक्सच्या सिरियल ड्रायव्हरांमध्ये आरटीएस-सीटीएसची सोय असते, डीटीआर-डीएसआरची नाही. छोट्या आज्ञांना निभावेल, लांब रीडिंगच्या यादीत अक्षरं गळतील. कॅलिब्रेशनच्या रीडिंगमधला एखादा अंक गळण्याची शक्यताही चालणार नाही. जीपीआयबी ठरलं.

जीपीआयबी म्हणजे हेवलेट-पॅकार्डने साठच्या दशकाच्या अखेरीस बनवलेली बस, १९७५ मध्ये आयईईई ४८८ म्हणून प्रमाणित झाली. एका बसवर १५ उपकरणं, एकूण केबल २० मीटर. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी सातपूर-अंबडच्या कितीतरी टेस्ट रूममध्ये ते चोवीस पिनांचं जाडजूड कनेक्टर अजून दिसतं. मीटर चांगले आहेत, म्हणून ते टिकून आहे.

लिनक्स-जीपीआयबी हा ड्रायव्हर कितीतरी वर्षं कर्नलच्या बाहेर राहिला. ६.१३ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२५ ला, तो कर्नलच्या स्टेजिंग, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या ड्रायव्हरांच्या, विभागात आला. आमचा कर्नल ६.८, त्यामुळे सोर्स (मूळ कोड) आणून स्वतः बांधणं आलं. त्यात दोन भाग असतात, कर्नलसाठीची मॉड्यूल एकीकडे आणि लायब्ररी व साधनं दुसरीकडे. आज फक्त पहिला भाग घेतला आणि मेक ही बांधणीची आज्ञा चालवल्याबरोबर तो अडला. जीसीसीला (कोडमधून प्रोग्रॅम बांधणाऱ्या कंपायलरला) एक पर्याय ओळखता येत नाही, "एफ-ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट".

हा दोष ड्रायव्हरच्या सोर्समध्ये नाही. २२.०४ मध्ये मूळचं जीसीसी ११ आहे. पण त्याच आवृत्तीत नंतर आलेला ६.८ चा कर्नल, ज्याला एचडब्ल्यूई म्हणतात, तो जीसीसी १२ ने बांधलेला आहे. मॉड्यूल बांधताना कर्नलने वापरलेलेच पर्याय वापरले जातात, आणि हा पर्याय जीसीसी ११ ला माहीत नाही. दोन उपाय होते. जीसीसी १२ टाकायचं, किंवा कर्नल २२.०४ च्या मूळ ५.१५ वर न्यायचा.

१० नोव्हेंबर, सोमवार

५.१५ वर जायचं ठरवलं. कारण लिहून ठेवतो, पुढे कुणी विचारेल.

एचडब्ल्यूई कर्नल नव्या लॅपटॉप आणि ग्राफिक कार्डांसाठी असतो. आमचा संगणक जुना, त्याला नव्या कर्नलचं काही देणं-घेणं नाही. मूळचा ५.१५ मात्र २०२७ पर्यंत तसाच राहणार. त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतील, पण आवृत्ती उडी मारणार नाही. बाहेरून बांधलेल्या मॉड्यूलला तेच हवं असतं. कर्नलच्या आतले इंटरफेस आवृत्तीगणिक बदलतात, कर्नलवाले ते स्थिर ठेवण्याचं वचन मुद्दामच देत नाहीत. बदलाचं ओझं बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरवर पडतं. मोजमापाच्या बेंचवर नव्यापेक्षा स्थिर कर्नल बरा, हे माझं ठाम मत आहे.

५.१५ टाकला, त्याचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल) टाकले, एचडब्ल्यूईची पॅकेज काढली, रिबूट केलं. यूनेम या आज्ञेने ५.१५ दाखवल्यावर मगच पुढे गेलो. मॉड्यूल कोणतीही कुरकुर न होता बांधली गेली. मॉडप्रोबने मॉड्यूल कर्नलमध्ये चढवायला गेलो, तर "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस".

११ नोव्हेंबर, मंगळवार

कालचा संदेश सिक्युअर बूटचा. संगणक फक्त ओळखीची सही असलेलं मॉड्यूल आत घेतो आणि हाताने बांधलेल्यावर सही नसते.

मालकांच्या ओळखीच्या एका इंजिनिअरांनी फोनवर सांगितलं, "बायोसमध्ये जाऊन बंद करून टाका, दोन मिनिटांचं काम." होतं दोन मिनिटांचंच. पण हा संगणक ग्राहकांच्या प्रमाणपत्रांचे आकडे तयार करतो आणि लॅबमध्ये पेनड्राइव्ह घेऊन माणसांची ये-जा असते. कुलूप आहे, चावी करून घेता येते, तर कुलूप का काढायचं?

मॉड्यूल डीकेएमएस या साधनाला जोडली. उबंटूत डीकेएमएस बांधलेल्या मॉड्यूलवर स्वतःच सही करतं, आणि कर्नलची दुरुस्ती आली की पुन्हा बांधून पुन्हा सही करतं. फक्त त्या सहीची चावी संगणकाच्या मॉक (मालकाने मान्य केलेल्या चाव्यांच्या) यादीत एकदा नोंदवावी लागते. मॉकयूटिलने चावी आयात केली, एकदाच लागणारा पासवर्ड दिला, रिबूट. सुरू होताना निळा पडदा येतो आणि काही सेकंदच थांबतो. त्या वेळात कळ दाबून "एनरोल मॉक" निवडायचं, पासवर्ड द्यायचा. पडद्यासमोर माणूस नसेल तर संधी निघून जाते आणि आयात पुन्हा करावी लागते. दूरून एसएसएच करून हे होणार नाही, खुर्चीत बसूनच करायचं.

मॉडप्रोब गप्प राहिलं. एलएसमॉडमध्ये (चढलेल्या मॉड्यूलच्या यादीत) एजिलंट-८२३५७ए दिसलं. अडॅप्टर "बी" असला तरी मॉड्यूलचं नाव "ए" च आहे. दोन्हींना तेच चालतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मॉड्यूल आत आहे, साधनं हवीत म्हणून दुसरा भागही बांधून बसवला, अडॅप्टर लावलेला आहे, तरी जीपीआयबी-कॉन्फिग हे साधन म्हणतं बोर्ड, म्हणजे अडॅप्टर, सापडत नाही. पुन्हा पहिल्या पायरीवर आलो. एलएसयूएसबीमध्ये ०९५७:०५१८.

हा आकडाच सगळं सांगतो. ८२३५७बी च्या आत स्वतःचं फर्मवेअर (त्याला चालवणारा प्रोग्रॅम) कायमचं साठवलेलं नसतं. वीज मिळाली की तो ०५१८ म्हणून उभा राहतो आणि कुणीतरी फर्मवेअर भरेपर्यंत वाट बघतो. भरलं की बसवरून उतरतो आणि ०७१८ म्हणून नव्याने चढतो. मॉड्यूल ०७१८ लाच ओळखतं. विंडोजमध्ये हे काम कंपनीचा ड्रायव्हर मागच्या मागे करायचा, म्हणून कुणाला कधी दिसलं नव्हतं.

फर्मवेअरची हेक्स फाइल लिनक्स-जीपीआयबीच्या वेगळ्या फर्मवेअर संचात मिळते, भरायला एफएक्सलोड हे साधन. आधी हाताने भरून पाहिलं. बसवरचा पत्ता दर वेळी बदलतो, तो एलएसयूएसबीतून वाचून द्यावा लागतो. भरल्यावर आकडा ०७१८ झाला आणि अडॅप्टरवर हिरवा दिवा एकटा उरला. जीपीआयबी डॉट कॉन्फमध्ये बोर्डचा प्रकार एजिलंट-८२३५७ए, मास्टर "येस", बोर्डचा स्वतःचा पत्ता ०. मीटरचा पत्ता कारखान्यातून आलेला २२ तसाच. आयबीटेस्टने २२ ला नाव विचारलं.

"हेवलेट-पॅकार्ड, ३४४०१ए."

ताई खुर्ची ओढून बघायला आल्या. गेला आठवडाभर त्या मीटरच्या काचेवरून हाताने आकडे उतरवून घेत होत्या.

मग लगेच पुढचा प्रश्न, लाईट गेल्यावर काय? फर्मवेअर अडॅप्टरच्या रॅममध्ये असतं, वीज गेली की पुसलं जातं. म्हणून हाताने भरणं हा उपाय धरता येत नाही. यूडेव्ह नियम बसवले. ०५१८ दिसला की फर्मवेअर भर, ०७१८ दिसला की जीपीआयबी-कॉन्फिग चालव. त्यानंतर मुद्दाम बेंचचा मेन स्विच पाडला, चढवला, कुणी कशाला हात लावला नाही. हिरवा दिवा आपोआप आला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चौथी पायरी, लायब्ररी. दुसरा भाग गुरुवारीच बांधून बसवला होता. तेव्हा पहिल्यांदा साधनांनी सांगितलं होतं, की लिबजीपीआयबी सापडत नाही. फाइल यूएसआर-लोकलमध्ये बसते आणि लोडरला तिची खबर नसते. लोडरची यादी ताजी करणारं एलडीकॉन्फिग चालवल्यावर मिटलं.

पायथनचं जरा जास्त चाललं. आमचा मोजमापाचा प्रोग्रॅम वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे आणि जीपीआयबीचं पायथन बंधन (पायथनला लायब्ररीशी जोडणारा दुवा) सिस्टिमच्या पायथनमध्ये बसलं होतं. एकाचं दुसऱ्याला दिसत नाही, तीच तर त्या व्यवस्थेची खुबी. सोर्समधल्या पायथन फोल्डरातून ते एन्व्हायर्नमेंटच्या आत बसवलं. इथे पाय-विसा-इन्फो ही आज्ञा फार कामाची. कोणता बॅकएंड आहे, यूएसबी, सिरियल, टीसीपी, जीपीआयबी यांतलं काय उपलब्ध आहे, आणि काय नसेल तर कशामुळे, हे सगळं एका पानावर सांगते. मदत मागताना लोकांनी हे पान आणि डीमेसेजच्या शेवटच्या ओळी एवढं जरी जोडलं, तरी निम्मी चर्चा वाचेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सगळं जोडलेलं असताना मीटर मध्येच टाइमआउट देऊ लागला. कालपर्यंत चालत होतं, म्हणून संशय लगेच ड्रायव्हरवर गेला. मालकांनी तर "जुनं विंडोज परत टाकू का?" असंही विचारलं.

काय बदललं होतं ते पाहिलं. ताईंनी प्रोग्रॅममध्ये रीडिंगचा इंटिग्रेशन वेळ १०० पॉवर लाइन सायकल (मेन्सच्या विजेची आवर्तनं) केला होता, आणि तो योग्यच होता, बारीक मोजमापाला तोच लागतो. ५० हर्ट्झला १०० सायकल म्हणजे २ सेकंद. त्यावर मीटर दर रीडिंगला आपलं शून्यही तपासतो, म्हणून वेळ दुप्पट. पाय-विसाचा ठरलेला टाइमआउट २ सेकंदांचा. मीटर अजून मोजतोय आणि प्रोग्रॅम कंटाळून निघून गेलाय. टाइमआउट १५ सेकंद केला. जीपीआयबी डॉट कॉन्फमधला टाइमआउटही वाढवला. एकही टाइमआउट आला नाही.

बसवर अर्धवट राहिलेल्या उत्तरामुळे पुढची आज्ञाही बिघडते, म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना आधी डिव्हाइस क्लिअर (अर्धवट उत्तर पुसायची आज्ञा) पाठवायचं ठरवलं.

दुपारी आकड्यांची खातरजमा. उपकरण उत्तर देतं एवढ्यावर माझं समाधान नाही, उत्तर बरोबर आहे का ते बघायला हवं. बर्फ-पाण्याच्या थर्मासमध्ये पीटी१०० बुडवला. ० अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५१, म्हणजे अंशाला साधारण ०.३९ ओहमचा फरक. सेन्सरची वायर दहा मीटर, अर्ध्या चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन वीस मीटर तांबं, जवळपास ०.७ ओहम. दोन तारांनी मोजलं तर तेवढ्यानेच पावणेदोन अंश जास्त दिसतात. चार तारांनी मोजलं की वायर हिशेबातून बाहेर. जुन्या विंडोज प्रोग्रॅममध्ये हे एका बटणामागे होतं, आता आज्ञा आपणच लिहितो, म्हणून "फोर-वायर" ची आज्ञाच जाते ना हे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तपासलं. दोन तारांची आज्ञा गेली तर कुठलाही एरर येत नाही, पडद्यावर छान सहा अंकी आकडा येतो आणि तो चुकीचा असतो. ड्रायव्हर न बसण्यापेक्षा मला याची भीती जास्त वाटते.

रेंजचंही एक आहे. १०० ओहमच्या रेंजमध्ये हा मीटर १२० पर्यंत जातो, म्हणजे पीटी१०० साठी साधारण ५१ अंश. त्याच्या वर रेंज बदलते. कोल्ड स्टोरेजच्या सेन्सरसाठी १०० ची रेंज बांधून ठेवली. ऑटोवर सोडली नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रात्रभर चालणारी स्थिरतेची चाचणी सिस्टिमडी सेवेतून (कुणी लॉगिन नसतानाही मागे चालणाऱ्या) सुरू केली. सकाळी पाहिलं, मल्टीमीटर आणि ड्राय ब्लॉकची रीडिंग व्यवस्थित, स्कोपच्या बाजूला परवानगी नाही.

कारण सापडलं. अप्रेंटिस मुलीने दुसऱ्या बेंचसाठी वाचलेला "यूॲक्सेस" चा नियम इथेही सुटसुटीत म्हणून मधल्या काळात गटाच्या नियमाच्या जागी बसवला गेला होता. ती पद्धत चांगली आहे, पण ती पडद्यासमोर लॉगिन केलेल्या माणसालाच परवानगी देते. रात्री सगळे घरी गेल्यावर सेवेला ती लागू होत नाही. बेंचसाठी गटाचा नियमच योग्य. तिला दोन्ही पद्धती शेजारी ठेवून दाखवल्या. यूॲक्सेस वापरायचाच असेल तर नियमाच्या फाइलचा नंबर ७३ च्या आत हवा, हेही. त्या परवानग्या ७३ नंबरच्या फाइलमध्ये लागू होतात, ९९ ची फाइल येते तोवर वेळ निघून गेलेली असते. ९९ नाव देऊन "नियम चालत नाही" म्हणणारे खूप आहेत.

२ डिसेंबर, मंगळवार

कर्नलची सुरक्षा दुरुस्ती आली. मुद्दाम सगळ्यांसमोर लावली. डीकेएमएसने मॉड्यूल बांधली, सही केली, रिबूटनंतर चारही उपकरणांनी नाव सांगितलं. आपोआप अपडेट मात्र या संगणकावर बंद केले. दुरुस्त्या दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, बेंच मोकळं असताना लावायच्या, आणि लगेच चौघांची नावं विचारणारा छोटा प्रोग्रॅम चालवायचा. तो मुलीने लिहिला आहे. कोणतं उपकरण कोणत्या पायरीवर अडलं तेही तो छापतो, फक्त "एरर" म्हणून थांबत नाही.

यूडेव्हचे नियम, जीपीआयबी डॉट कॉन्फ, हेक्स फाइल, लिनक्स-जीपीआयबीचा सोर्स आणि पायथनच्या पॅकेजांची यादी, सगळं एका फोल्डरात ठेवून पेनड्राइव्हवर प्रत काढली. सोर्ससुद्धा, कारण उद्या नेट नसताना संगणक नव्याने उभा करायची वेळ येऊ शकते. प्रत ताईंच्या कपाटात, मॅन्युअलच्या शेजारी.

राहिलेली कामं अशी. ८२३५७बी एकच आहे, दुसरा अडॅप्टर बघायचा. जुना मिळाला तर आधी ०५१८ ते ०७१८ होतो का ते तपासूनच पैसे द्यायचे. २०२७ च्या आधी नव्या एलटीएसवर (उबंटूच्या दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्तीवर) जावं लागेल. त्यात जीपीआयबी कर्नलबरोबरच येतो का, आणि उबंटूने तो चालू ठेवला आहे का, हे जुन्या डिस्कवर वेगळं बसवून पाहायचं, या डिस्कला हात न लावता. आणि पिंपळगावहून सेन्सरची पहिली पेटी गुरुवारी येणार आहे, त्यासाठी बर्फ बुधवारी संध्याकाळीच लावायला सांगितलं आहे.